मुंबईचं पाणी, गर्दी आणि भाजी: सगळा हिशेब तासांचा

प्रश्न असा आहे: सातही तलाव भरल्याची बातमी येते, तरी आमच्या इमारतीला दोन-तीन तासच पाणी का? गाड्या वाढल्या तरी दादरचा जिना तुंबतोच कसा? आणि वाशीच्या बाजारात ढिगाने पडलेली भाजी गल्लीत येईपर्यंत एवढी महाग का होते?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. मुंबई ही समुद्रात शिरलेली लांबट पट्टी आहे. तिला लागणारं सगळं उत्तरेकडून किंवा खाडीपलीकडून, मोजक्या अरुंद वाटांनी आणि दिवसाच्या ठरावीक तासांत आत येतं. दिवसभरात किती आलं हा आकडा पेपरात छापून येतो. पण कुठे वस्ती दाट होणार, कुणाला पाणी मिळणार, कुठे चेंगराचेंगरी होणार हे तासाला किती येतं आणि सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे यावर ठरतं.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे हिशेब सगळ्यात स्वच्छ मांडता येतो.

सात तलावांचा उपयुक्त साठा दशलक्ष लिटरमध्ये असा आहे: भातसा ७,१७,०३७, अप्पर वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८०, मोडक सागर १,२८,९२५, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३. याला ३६५ ने भागलं की दिवसाला सुमारे ३,९६५ दशलक्ष लिटर येतात, आणि पालिकेचा रोजचा पुरवठा जवळपास तेवढाच आहे. म्हणून १ ऑक्टोबरला तलाव किती भरलेत याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्या दिवशी जेवढी तूट, तेवढी पुढच्या उन्हाळ्यात कपातीची शक्यता.

याच आकड्यांत शहराचा इतिहासही दिसतो. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत आहेत, आणि दोन्ही मिळून आजच्या मुंबईला फक्त नऊ दिवस पुरतील. शहर वाढत गेलं तसं पाणी लांबून आणावं लागलं: १८९२ ला तानसा, १९५७ ला मोडक सागर, १९७३ ला अप्पर वैतरणा, ऐंशीच्या दशकात भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज निम्मं पाणी एकट्या भातसाचं आहे. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघतं, तिथल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर हंडे रांगेत असतात. मुंबईच्या पाण्यावर बोलताना ही गोष्ट गाळणं मला बरोबर वाटत नाही.

वैतरणा आणि तानसाचं पाणी बहुतांश उताराने भांडुपला येतं. तिथे १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन शुद्धीकरण केंद्रं शेजारी शेजारी आहेत. भातसाचं पाणी नदीने वाहत पिसे बंधाऱ्याला येतं, तिथे पंपाने उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि येवईच्या संतुलन जलाशयातून शहराकडे निघतं. पुढे मोठ्या जलवाहिन्या आणि खडकातले जलबोगदे ते टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांपर्यंत नेतात: मलबार हिल, भंडारवाडा, गोलंजी, घाटकोपर, ट्रॉम्बे, पाली हिल, वेरावली, मालाड, बोरिवली. हँगिंग गार्डनखालचा मलबार हिलचा जलाशय एकोणिसाव्या शतकातला आहे आणि त्यात १४७ दशलक्ष लिटर पाणी मावतं. टेकडी निवडायचं कारण दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो, पंप लावावा लागत नाही.

आता अडचण कुठे येते ते पाहा. जलाशयाखालच्या सगळ्या भागांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडले, तर मुख्य वाहिनीतला वेग वाढतो. नळातल्या घर्षणाने होणारं दाबाचं नुकसान वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला की नुकसान चौपट. जवळच्या आणि सखल भागात पाणी धो धो पडतं, पण चढावर आणि वाहिनीच्या शेवटी असलेल्यांकडे दाबच पोचत नाही. म्हणून पाळी लावावी लागते. ही पाळी रस्त्यावर सांभाळतो तो चावीवाला. चेंबरचं झाकण उघडून लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हच्या टोकावर बसवायची आणि ठरलेले फेरे फिरवायचे. मोठ्या वाहिनीवर फेरे बरेच लागतात, आणि बंद करताना शेवटचे फेरे मुद्दाम सावकाश द्यावे लागतात. धावतं पाणी एकदम अडलं की उलटा धक्का बसतो आणि जुना सांधा निखळतो. कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे दिले की शेवटच्या गल्लीत पाणी पोचतं, हे ज्ञान अजूनही बरंचसं या माणसांच्या हातात आहे. नकाशात ते नसतं.

तास कमी झाले की इमारतीला काय करावं लागतं, ते एका उदाहरणाने. समजा ४० घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. रोज २७,००० लिटर हवेत. पाणी चोवीस तास आलं असतं तर सेकंदाला ०.३१ लिटर पुरले असते, म्हणजे २० मिलिमीटरचा, पाऊण इंची नळ. तेच पाणी ३ तासांत घ्यायचं तर सेकंदाला अडीच लिटर. त्यासाठी ५० मिलिमीटरची जोडणी लागते आणि त्यातही पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या वर जातो. वेळ दीड तासावर आली तर त्याच नळातून दुप्पट वेगाने पाणी ओढायला चौपट दाब हवा, आणि तेवढा दाब वाहिनीच्या शेवटी नसतोच. मग टाकी अर्धी राहते आणि टँकर बोलवावा लागतो. म्हणजे शहरात पाणी असतं, पण ते उतरवून घ्यायला वेळ पुरत नाही. प्रत्येक इमारतीला तळटाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी लागते तीही यामुळेच. त्यांची वीज, दुरुस्ती आणि जागा हा पाणीपट्टीत न दिसणारा खर्च आहे.

सोसायटीने तक्रार करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, तळटाकीत पाणी पडण्याची जागा किती उंच आहे. रस्त्यावर दाब अर्धा किलो, म्हणजे पाच मीटर पाण्याएवढा असेल आणि नळ एक मीटर वर चढवलेला असेल, तर पाचवा हिस्सा तिथेच गेला. टाकी जमिनीखाली आणि नळाचं तोंड शक्य तेवढं खाली ठेवावं, पण टाकीतल्या पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वरच. नाहीतर टाकीतलं पाणी उलट वाहिनीत जाऊ शकतं. दोन, मीटरआधीची जाळी. खोदकामानंतर त्यात माती आणि गंजाचे पापुद्रे अडकतात आणि अर्धा प्रवाह तिथेच मरतो. तीन, फ्लोट व्हॉल्व्ह. तो पूर्ण उघडतोय का, हे पाणी येण्याच्या वेळी प्रत्यक्ष बघावं लागतं. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर वॉर्डच्या जलखात्याकडे नळाजवळचा दाब मोजून मागावा. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीपेक्षा ‘सुरुवातीला इतका किलो, तासाभराने इतका’ ही तक्रार लवकर मार्गी लागते.

मुख्य वाहिनीला थेट पंप लावणं हे सगळ्यात मोठं पाप. त्याने शेजाऱ्याचं पाणी जातंच, पण वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचं गटाराचं पाणी आत शोषलं जातं. पाळी संपून नळ रिकामा होतो तेव्हाही हेच घडतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, भांडी-फरशीला वापरावं. शंका आली तर क्लोरीन तपासणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करावी: पाण्यात त्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. रंगच आला नाही तर कुठेतरी घाण मिसळून ते संपलंय असं समजून पाणी उकळावं आणि वॉर्डला कळवावं.

गळती दिसते त्याहून मोठी असते. ३ मिलिमीटरच्या भोकातून दोन किलो दाबाला तासाला जवळपास ३०० लिटर जातात. पाणी चारच तास येत असेल तर १,२०० लिटर, चोवीस तास आलं तर ७,००० च्या वर. चोवीस तास पाणी देण्याच्या योजना अडखळतात त्याचं एक मोठं कारण इथे आहे. दाब कायम ठेवायचा तर आधी जमिनीखालची जुनी भोकं शोधावी लागतात, आणि ती शोधायलाही दाब लागतो.

झोपडवस्त्यांमध्ये वेगळंच गणित आहे. मुख्य वाहिनी रस्त्यावर, घर आत दोनशे मीटर, आणि प्रत्येक पाच-दहा घरांच्या गटाने आपापला अर्धा इंची नळ गटाराच्या कडेने ओढलेला. सारख्या दाबाला एक इंची नळ अर्धा इंची नळाच्या साडेपाचपट पाणी वाहून नेतो. म्हणजे दहा बारीक नळांच्या जंजाळापेक्षा दोन-तीन जाड नळ आणि गल्लीच्या तोंडाशी फांद्या ही रचना स्वस्त, टिकाऊ आणि जास्त पाणी देणारी आहे. शिवाय गटारात बुडालेल्या सांध्यांची संख्या कमी होते, म्हणजे जुलाब-काविळीचा धोकाही कमी. अडथळा बहुतेक वेळा कागदाचा असतो. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की २००० सालानंतरच्या झोपड्यांतल्या माणसांनाही पाणी नाकारता येणार नाही. तरी पालिकेचं प्रमाण इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५ लिटर असंच धरलं गेलं. शहराचा निम्मा गाडा ओढणाऱ्या माणसांना एक तृतीयांश पाणी. हे अभियांत्रिकीचं नाही, मनाचं मोजमाप आहे.

माणसांकडे वळू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये पश्चिमेकडे विरारहून लोकल सुरू झाली. मधे डोंगर, दोन बाजूंना दोन रूळ, आणि वस्ती त्या रुळांना चिकटून वाढली. म्हणून विरार ते चर्चगेट सरळ जाता येतं, पण बोरिवलीहून ठाण्याला जायचं तर डोंगराला वळसा. २०१४ मधली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जेमतेम ११ किलोमीटरची, पण ती पहिल्यापासून भरून वाहिली, कारण ती आडवी होती.

एका रुळाचं गणित असं. दर तीन मिनिटांना गाडी म्हणजे तासाला २०. गर्दीच्या बारा डबा गाडीत साडेचार-पाच हजार माणसं. म्हणजे एका दिशेच्या एका रुळावरून तासाला लाखभर माणसं जातात. रस्त्याच्या कुठल्याही लेनला हे जमणार नाही. पण ही क्षमता टिकते ती थांब्याच्या सेकंदांवर. दादरला दरवाजात रेटारेटी होऊन गाडी तीस सेकंद जास्त थांबली की मागची सिग्नलला अडकते, तिच्या मागची तिच्यामुळे, आणि तासाअखेरीस वीसच्या जागी सतरा-अठराच गाड्या निघतात.

खरी अरुंद जागा बऱ्याचदा रुळावर नसून जिन्यावर असते. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ५० माणसं नीट चढतात. तीन मीटरचा जिना म्हणजे १५०. एका गाडीतून हजार माणसं उतरली तर जिना मोकळा व्हायला जवळपास सात मिनिटं लागतात, आणि पुढची गाडी तीन मिनिटांत येते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, लोअर परळ-एल्फिन्स्टनच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि उतरणारी माणसं कित्येक पटींनी वाढली. पूल मात्र गिरणगावाच्या काळातलाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसामुळे लोक जिन्यात थबकले, मागून गाड्या येत राहिल्या, आणि २३ जीव गेले. पंधरा डबे करायचं ठरवलं की जिन्यांची रुंदी त्याच प्रस्तावात मोजली पाहिजे. चटईक्षेत्र वाढवून मनोरे मंजूर करतानाही हाच हिशेब हवा.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. सकाळी दक्षिणेकडे जाणारी गाडी खचाखच, तीच परत विरारकडे निघते तेव्हा डबे मोकळे. निम्मी क्षमता रोज वाया जाते. कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, नवी मुंबईकडे सरकल्या तेव्हा नवा रूळ न टाकता उलट्या दिशेच्या जागा वापरात आल्या. नोकऱ्या कुठे ठेवायच्या हा निर्णय म्हणजे वाहतुकीचाच निर्णय असतो.

आता भाजी. पाण्याचा साठा वर्षाचा, धान्याचा काही आठवड्यांचा, पण पालेभाजीचा एका दिवसाचा. घाऊक बाजार पूर्वी शहरात, भायखळा-क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला होता. रस्ते मोकळे करण्यासाठी तो खाडीपलीकडे वाशीला नेला: १९८१ पासून कांदा-बटाटा, १९९६ मध्ये फळं आणि भाजीपाला. यातून दक्षिण मुंबईतली ट्रकांची कोंडी कमी झाली हे खरं, पण नाशिकहून कसारा घाट उतरून आलेली गाडी ठाण्यावरून वाशीला जाते आणि तिथला माल टेम्पोने पुन्हा खाडी ओलांडून मुलुंडला येतो. मुलुंडच्या दारावरून भाजी पुढे जाते आणि भाडं भरून परत येते.

वेळापत्रक कडक आहे. नारायणगाव, नाशिक, साताऱ्याकडच्या गाड्या संध्याकाळी निघतात, मध्यरात्रीनंतर वाशीत लागतात. माथाडी माल उतरवतात, पहाटे गाळ्यावर भाव फुटतो, किरकोळवाला उजाडायच्या आत टेम्पोत माल टाकतो. कारण एकदा उजाडलं की पूल तुंबतात आणि गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना शहरात मज्जाव असतो. घाटात गाडी तीन तास अडकली तर माल पोचतो, पण घेणारा निघून गेलेला असतो. तोच माल, भाव पडलेला.

कोथिंबिरीकडे जवळून बघा. जुड्या दाबून रचल्या की ढिगाच्या पोटात उष्णता साठते, बाहेरून हिरवी दिसणारी थप्पी आतून पिवळी पडायला लागते. म्हणून गाडीत मधे हवेला वाट ठेवतात आणि उतरवल्या उतरवल्या ढीग मोडून पाणी शिंपडतात. किरकोळवाल्याने १०० जुड्या घेतल्या आणि रात्रीपर्यंत २० फेकाव्या लागल्या, तर १०० चे पैसे ८० जुड्यांतून काढायचे आहेत. खरेदीभावावर तिथेच २५ टक्के चढले. त्यावर आडत, हमाली, टेम्पोभाडं, बसायच्या जागेचा खर्च आणि त्याची मजुरी. भाव वाढतो त्यात दलालाचा हात असतोच, पण नासाडीचा हात बहुधा त्याहून मोठा असतो. कांद्यात हा फरक कमी का आणि मेथीत जास्त का, ते यावरून कळेल.

जुलै २०१६ पासून फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायची मुभा मिळाली. शेतकरी गटांचे थेट टेम्पो सोसायट्यांत येऊ लागले. हे टिकतं ते टोमॅटो, काकडी, कोबी अशा दोन दिवस दम धरणाऱ्या मालात. पालेभाजीला अजूनही जवळचा मळा लागतो. वसईची भाजी-फुलं पहाटेच्या लोकलच्या सामानाच्या डब्यातून दादरला येतात. कोळणींच्या टोपल्यांचीही वाट तीच. शहराच्या पोटाला हा डबा किती लागतो, याचा विचार वेळापत्रक बदलताना व्हायला हवा.

आणि मग पाऊस. माणसं आणि माल त्याच त्या जागी अडतात: कुर्ला, शीव, हिंदमाता, मिलन सबवे. ही सगळी सखल जमीन. जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी धरून आखलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या आराखड्याने ती क्षमता ५० वर न्यायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. सरासरी काढली तर तासाला ३९ येतात आणि ५० मध्ये बसल्यासारखं वाटतं, पण त्यातला मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला. दिवसाची सरासरी इथेही फसवते.

त्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की वाहिन्यांची समुद्रातली तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडूच शकत नाही. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथली उदंचन (पंपिंग) केंद्रं ते उचलून भरतीच्या समुद्रात फेकतात. पण पाणी पंपापर्यंत पोचायला हवं. हिंदमाता बशीसारखं खोलगट, तिथून केंद्रापर्यंत उतार फारच थोडा. म्हणून तिथलं पाणी पंपाने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली बांधलेल्या टाक्यांत नेऊन ठेवतात, आणि ओहोटी लागली की पर्जन्यवाहिनीत सोडतात.